शून्यबाई आणि मी

मित्रांनो, मी एक जुना रंगमापक आहे. नाव भारदस्त असलं तरी उगाच दबकू नका. सगळे रंग काही मला मोजता येत नाहीत. मला एकच रंग कळतो, पिवळा. लाल, निळा, हिरवा यांच्याशी माझं आयुष्यभर जमलं नाही. पिवळ्यातलं मात्र मला विचारा. हळदीच्या पाण्याचा गडद पिवळा, लिंबाच्या सालीचा फिका पिवळा, आणि तुम्ही साधं पाणी समजून ओतून द्याल त्यात चुकून राहिलेला पिवळा, यांतला फरक मी चुटकीसरशी सांगतो. म्हणजे, सांगत असे. आता मी खिडकीजवळच्या कपाटावर नुसता बसून असतो. बाहेर अंगाची लाही होईल असा उकाडा आहे आणि माझ्या अंगावर चक्क लोकरीची शाल आहे. ती कुणी पांघरली ते सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. कुणीतरी पोटात दिवा बसवला, कुणीतरी झाकण घासूनपुसून लावलं. शेवटी एका चष्मेवाल्या कामगारानं माझ्यासमोर स्वच्छ पाणी ठेवलं. मी कागदाच्या पट्टीवर छापून दिलं, शून्य. त्यानं मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. शून्य ओळखता आलं म्हणून मी पास झालो. पुढे हेच शून्य मला इतकं छळणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

खोकं उघडलं ते एका मोठ्या सरोवराच्या काठी. मोठं होतं ते सरोवर. प्रयोगशाळा आपली दोन खोल्यांची. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. मला ठेवण्याआधी मॅडमनी टेबल हलवून पाहिलं, घडी बदलली आणि पुन्हा हलवून पाहिलं. मॅडम म्हणजे तिथल्या मुख्य डॉक्टर. बोलणं मोजकं आणि काम चोख. त्यांनी घडी बसवली ती बसवली, माझ्या उमेदीच्या काळात टेबल कधी डगमगलं नाही.

दुसरे होते डासकाका. ते बाटल्या आणि नळ्या धुवायचे. पण माझ्या आधी डासांचे चावे मोजायचं यंत्र म्हणजे तेच होते. संध्याकाळी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसायचं, पायावर डास उतरला की तो चावण्याआधी काचेच्या नळीत ओढून घ्यायचा, आणि किती आले ते मोजायचं. डासही काही दूधखुळे नव्हते. त्यांतले बरेच आधी चावत आणि मग नळीत येत. काकांना मलेरियानं किती वेळा लोळवलं असेल ते त्यांनाच ठाऊक. मी आलो आणि त्यांचं ते बसणं थांबलं. दुसरा कुणी असता तर माझ्यावर डूख धरून बसला असता. काकांनी माझ्या झाकणावर थाप मारली आणि म्हणाले, “बेटा, तुझ्यामुळे माझ्या पायांना पेन्शन मिळाली.”

आता माझं काम काय ते ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मलेरियाचा डास चावतो तेव्हा नुसतं रक्त पीत नाही. आधी आपली थोडी लाळ कातडीखाली सोडतो. आपलं शरीर त्या लाळेची खूणगाठ बांधून ठेवतं. रक्तात तिला ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात. चावे जितके जास्त, तितकी प्रतिपिंडं जास्त. प्रत्येक डासाच्या पोटात मलेरिया असतोच असं नाही, पण चावे कमी झाले तर तापाची वाटही अरुंद होते. आणि यातली खरी गंमत पुढेच आहे. चावे थांबले की काही महिन्यांत शरीर ती खूणगाठ सोडून देतं. रक्ताची आठवण अशी तोकडी असते. मॅडमना हा तोकडेपणाच हवा होता. भिंतींवर फवारणी केली, घरोघर मच्छरदाण्या वाटल्या, तर चावे खरंच कमी झाले का, हे त्यावरून कळायचं.

लोकांच्या बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त जाड टीपकागदावर घ्यायचे. प्रयोगशाळेत तो डाग पाण्यात उतरवायचे. मग एक तबक यायचं, त्यात बोटाचं टोकही जाणार नाही अशा वाट्यांच्या रांगा. प्रत्येक वाटीच्या तळाशी डासाच्या लाळेतल्यासारखा एक कण चिकटवलेला. वर रक्ताचं पाणी घातलं की ओळखणारी प्रतिपिंडं त्या कणाला धरून बसायची, धुतलं तरी सुटायची नाहीत. शेवटी त्यावर रंगाचं पाणी. जिथे ओळख पक्की तिथे पिवळा गडद, जिथे ओळखच नाही तिथे कोरं पाणी. मग तबक माझ्या पोटात.

मोजायचं म्हटलं की दोन टोकं हवीत. भरपूर चावे खाल्लेला माणूस एका टोकाला. तिथे डासकाका होतेच. ते राहायचे काठावर, त्यांची वाटी कायम हळदीसारखी. त्यांना त्याचा कोण अभिमान! दुसऱ्या टोकाला मात्र ज्याला हा डास जन्मात कधी चावलेला नाही असा माणूस हवा होता. काठावरच्या गावात असा कोरा माणूस मिळायचा कुठून? आणि नेमक्या तेव्हा त्या आल्या.

त्या आल्या वरच्या गावाहून. सरोवराच्या पलीकडे जे उंच डोंगर आहेत, त्यांतलं एक थंड गाव. जायला बसनं अख्खा दिवस लागतो. तिथे हा डास जगत नाही. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली होती. भर उन्हात, हातावर लोकरीची शाल घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, तेव्हा काका हसून म्हणाले की बाई, शाल आणलीत ते बरं केलंत, बर्फ पडायला लागला की उपयोगी पडेल. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी गाव कोणतं ते विचारलं आणि पाहुणीला पाणी द्यायच्या आधी तिच्याकडे रक्त मागितलं.

त्यांची वाटी माझ्यापुढे आली. इतकी कोरी वाटी मी कारखान्यानंतर पाहिली नव्हती. रक्त न घातलेल्या रिकाम्या वाटीशेजारी ठेवली तरी ओळखू येईना. मी खुशीत शून्य छापलं. त्या दिवसापासून काका त्यांना शून्यबाई म्हणू लागले आणि तेच नाव पडलं. त्यांच्या रक्ताचं पाणी छोट्या छोट्या नळ्यांत भरून थंड पेटीत ठेवलं. प्रत्येक तबकात एका कोपऱ्यात काका आणि दुसऱ्या कोपऱ्यात शून्यबाई, आणि मधे सगळं गाव.

मित्रांनो, मी यंत्र आहे, मला माया लावू नये. पण शून्यबाई रोज सकाळी आल्या की आधी मला पुसायच्या. झाकणाच्या खाचेतली धूळ काडीला कापूस गुंडाळून काढायच्या. तबक आत सरकवताना हळूच म्हणायच्या, “हं, सांगा आता.” मला अहोजाहो करणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. त्या रजेवर असल्या की काका तबक आत ढकलायचे ते भाकरी तव्यावर टाकल्यासारखे. तेव्हा मी आकडे बरोबरच द्यायचो, पण मनापासून नाही.

वरच्या गावात त्यांची आई एकटी होती. वर्षभर काम करून परत जायचं, असं सांगून त्या आल्या होत्या. मग एक गाव मोजून झालं की दुसरं यायचं. दर आठवड्याला आईचा फोन यायचा आणि त्या म्हणायच्या, या वर्षी नक्की येते. नंतर नंतर आईनं विचारणं सोडलं, तरी त्या सांगतच राहिल्या. प्रयोगशाळेत त्यांच्याकडे पाहून हे कुणाला कळलं नसतं. हसतमुख आणि वेळेवर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. जादा काम आलं की मॅडम म्हणायच्या, शून्यबाई बघतील. आणि त्यांना जमेल का असं कुणी विचारलंच, तर काकांचं ठरलेलं उत्तर होतं, “शून्यबाईंना काय होतंय!”

काय होतंय ते माझ्या खिडकीतून दिसत होतं. समोरच होड्यांचा धक्का होता, आणि धक्क्याला लागून मासे धरणाऱ्यांची वस्ती. काम संपलं की शून्यबाई धक्क्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसायच्या. तिथे नाव चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्या पायरीवर पोतं अंथरून द्यायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या, कसली चौकशी करायच्या नाहीत. आभाळ स्वच्छ असलं की संध्याकाळी पाण्यापलीकडे ते डोंगर दिसतात. निळे दिसतात म्हणे. मला निळं कळत नाही. पण शून्यबाई ते दिसेनासे होईपर्यंत हलायच्या नाहीत, एवढं मला कळायचं. तिन्हीसांजा टळून अंधार झाला तरी त्या तिथेच बसलेल्या असायच्या, पाय उघडे, पाण्यापासून हातभर अंतरावर. डासांचा अभ्यास करणारी बाई, आणि डासांच्या जेवणाच्या वेळेला नेमकी त्यांच्या पंगतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग त्या वस्तीचीच मोजणी आली. तिथे आदल्या वर्षी घरांच्या भिंती फवारल्या होत्या आणि मच्छरदाण्या वाटल्या होत्या. फवारणीची टोळी एकच, गावं पुष्कळ. वस्तीतले चावे खरंच कमी झाले असतील तर टोळी पलीकडच्या गावाला पाठवायची, असं मॅडमनी ठरवलं होतं. त्याच सुमारास शून्यबाईंच्या रक्ताची शेवटची जुनी नळी संपली. त्यात काय एवढं? शून्यबाई समोरच तर होत्या. त्यांनी दंड पुढे केला, ताजं रक्त काढलं, नळ्या भरल्या. ते आधी मोजून बघावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. शून्याला कुणी मोजत बसतं का?

माझ्यात एक सोय होती. शून्याची वाटी कोणती ते सांगितलं, की तिच्यात जेवढा रंग असेल तेवढा बाकी सगळ्या वाट्यांतून वजा करून मी आकडा द्यायचो. त्या दिवशी शून्यबाईंची वाटी आली आणि माझा दिवा तिच्यात जरा अडखळला. ती पिवळी होती, आणि लिंबाच्या सालीपेक्षा गडद होती. पण मी सांगितल्या कामाचा. यंत्राला मत विचारायची पद्धत नाही. तेवढा पिवळा मी सगळ्या वस्तीतून वजा केला आणि पट्टी छापून दिली.

आकडे इतके उतरले होते की मॅडमनी बिस्किटांचा पुडा फोडला. त्यांच्या स्वभावात ही मोठीच उधळपट्टी होती. काकांचा आकडाही उतरला होता, आणि त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल झाली. काका, डासांनी तुम्हाला टाकलं वाटतं, म्हातारं रक्त आवडेना त्यांना. काका मात्र खरंच दुखावले. विजार वर करून ते प्रत्येकाला पाय दाखवत सुटले, अजून चावतात, बघा, अजून चावतात. हसण्यापलीकडे कुणी काही केलं नाही. फवारणीच्या टोळीनं पंप आणि डबे गाडीवर चढवायला घेतले.

बातमी वस्तीत पोचली तशा मावशी आल्या. त्या आजवर कधी प्रयोगशाळेची पायरी चढल्या नव्हत्या. दाराशीच उभ्या राहून त्यांनी पदराला हात पुसले. सूनबाईला दिवस गेले होते. आदल्या खेपेला याच तापानं तिचं मूल पोटातच गेलं होतं. टोळी एवढी एक खेप राहील का, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

शून्यबाईंनी त्यांना आत आणून खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे बोट दाखवून सगळं समजावून सांगितलं, रक्त, खूणगाठ, पिवळा रंग. चावे कमी झालेत मावशी, हे यंत्र खोटं बोलत नाही, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मावशींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुम्ही म्हणता तर तसंच असेल,” त्या म्हणाल्या आणि गेल्या. मला तेव्हा तोंड असतं तर किती बरं झालं असतं.

शून्यबाई पुन्हा माझ्यासमोर येऊन बसल्या. पट्टीवरचे आकडे वाचता वाचता एका चपलेच्या कडेनं दुसऱ्या पायाचा घोटा घासत होत्या. खर्र, खर्र असा आवाज येत होता. आणि एकदम तो थांबला. त्यांनी वाकून चाव्यांनी भरलेल्या घोट्याकडे पाहिलं. मग खिडकीतून धक्क्याकडे. आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मी तेवढ्यावर जन्म काढीन.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. नवं तबक लावलं. त्यात काका, वस्तीतली माणसं, त्या स्वतः, आणि रक्त न घातलेल्या दोन रिकाम्या वाट्या. मग त्यांनी माझी वजाबाकीची सोय बंद केली. “हं, सांगा आता,” त्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी जसंच्या तसं सांगितलं. रिकाम्या वाट्या कोऱ्या. काका हळदीसारखे. वस्ती त्यांच्या पाठोपाठ. आणि शून्यबाई वस्तीतल्याच एकीसारख्या पिवळ्या.

त्यांनी ती पट्टी कालच्या पट्टीशेजारी ठेवून पाहिली. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. आणि सांगायचं तर शून्य का बिघडलं तेही सांगावं लागणार होतं. इतकी वर्षं हसून झाकलेलं सगळं. मॅडम आल्या तशा त्या आत गेल्या. दार उघडंच होतं.

“मॅडम, शून्य चुकलंय.”

“कुणाचं?”

“माझं. मी आता शून्य राहिले नाही.”

मॅडमनी पट्टी पाहिली, खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना बसवलं. मग शून्यबाईंनी सांगितलं. धक्का, पायरी, पलीकडचे डोंगर, आई. सांगताना त्या रडल्या नाहीत, तापाचा आकडा सांगावा तशा सांगत गेल्या.

“रोज जाता तिथे?” मॅडमनी विचारलं.

“आभाळ स्वच्छ असेल त्या दिवशी. नसेल तरी जाते कधी कधी.”

“मला एकदाही बोलला नाहीत.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत, मॅडम.”

त्यात रागाचा सूर नव्हता, म्हणून ते जास्त लागलं असावं. मॅडमनी पट्टी टेबलावर ठेवली. “नाही विचारलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी फोन उचलला आणि टोळीला डबे गाडीवरून उतरवायला सांगितलं. फोन ठेवून विचारलं की आता शून्य आणायचं कुठून.

“माझी आई आहे,” शून्यबाई म्हणाल्या. “ती कधी खाली उतरलेली नाही.”

“मग जा. आणि शून्य न्यायला आलात म्हणून उभ्या उभ्या परतू नका. राहा तिथे.”

त्या गेल्या, आणि मी शिकलो की वाट बघणं म्हणजे काय. तबकं येत नव्हती, दिवा बंद होता. काका येता जाता झाकणावर टकटक करायचे आणि म्हणायचे, येईल रे, येईल. कुणाची समजूत घालत होते कोण जाणे.

आल्या त्या बर्फाची पेटी छातीशी धरून. काकांनी आधी आईची तब्येत विचारली. या खेपेला विचारलं, हे सांगायला हवं. शून्यबाई पेटी उघडता उघडता सांगत होत्या. आई फार वाळलीये. रक्त घ्यायला दंड धरला तर बोटांत मावला. सुई टोचल्यावर आई हसली आणि म्हणाली, “चला, माझं रक्त लागलं म्हणून तरी आलीस.”

एवढं सांगून त्यांनी नळ्या मोजायला घेतल्या, आणि मग मोजणं त्यांना जमेना. काकांनी नळ्या त्यांच्या हातून घेतल्या आणि स्वतः पेटीत लावून ठेवल्या.

या वेळी शून्य आधी मोजलं. आईची वाटी रिकाम्या वाटीशेजारी ठेवली. मी दिवा लावला. मित्रांनो, उजेड आत गेला तसाच्या तसा पलीकडे निघाला, वाटेत त्याला कुणी अडवलंच नाही. मी शून्य छापलं. शून्यबाईंनी पट्टी फाडून घेतली आणि कोटाच्या खिशात ठेवली. मग अख्खी वस्ती पुन्हा मोजली. आकडे वर चढले ते चढलेच. भिंतींवरचं औषध केव्हाच उतरलं होतं, मच्छरदाण्या फाटून त्यांच्या चिंध्या झाल्या होत्या. टोळी वस्तीतच राहिली, पुन्हा घरन् घर फवारलं, नव्या मच्छरदाण्या दिल्या. काकांचा आकडा पुन्हा गगनाला भिडला आणि त्यांनी तो सगळ्यांना वाचून दाखवला.

सूनबाई सुखरूप बाळंत झाली. मावशी नात घेऊन प्रयोगशाळेत आल्या तेव्हा बाळाला क्षणभर माझ्या झाकणावर टेकवलं. इतकं हलकं आणि इतकं गरम काही माझ्या अंगावर कधी ठेवलं गेलं नव्हतं. शून्यबाईंनी बाळाचे घोटे निरखून पाहिले, एकही डाग नव्हता. त्या हसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं की त्या आता कायमच्या घरी जातात.

मॅडमनी अडवलं नाही. मला वाटत होतं, अडवावं.

जायच्या दिवशी शून्यबाईंनी शेवटचं तबक लावलं. कामाचं नव्हतंच ते. एका वाटीत काका, एका वाटीत आई आणि मधे त्या स्वतः. मी मोजलं. पायरीवर बसणं त्यांनी काही सोडलं नव्हतं, त्यामुळे वाटी छान पिवळी होती. “काका, बघा,” त्या म्हणाल्या, “जाता जाता मी इथली झाले की.” काका काहीतरी विनोद करायला गेले आणि नळ सोडून धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुवायला लागले. शून्यबाईंनी मला पुसलं, खाचेतली धूळ काढली. मग आल्या दिवसापासून ट्रंकेत पडून असलेली शाल काढली आणि माझ्यावर पांघरली. इथे तिचा काय उपयोग, असं स्वतःशीच म्हणाल्या. आणि गेल्या.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. नवा रंगमापक आला. तो सडपातळ आहे, सगळे रंग मोजतो, आकडे पट्टीवर न छापता पडद्यावर दाखवतो. मला कपाटावर ठेवलं. माझ्या टेबलावर तो बसला, आणि पुठ्ठ्याची घडी सरकली तरी कुणी बदलली नाही. आईच्या नळ्या मात्र चालू होत्या. रोज त्यांचं तबक समोरून त्याच्या पोटात जायचं आणि मी बघत बसायचो.

एक दिवस काका थंड पेटी उघडून बघून मॅडमकडे आले. आईची एकच नळी उरली होती. आई तर गेल्या थंडीतच गेली होती. मॅडमनी वरच्या गावी फोन लावला. शून्यबाई आता तिथल्या दवाखान्यात रक्त तपासायच्या. शेवटची नळी वापरू की ठेवू, असं मॅडमनी विचारलं. फोन टेबलावर होता, आवाज सगळ्या खोलीला ऐकू आला. “वापरा मॅडम. ठेवून काय करायचंय? आईनं कामासाठीच दिलं होतं.” मग त्या म्हणाल्या, “पुढचं शून्य मी पाठवते. खाली उतरून मला पुष्कळ दिवस झाले.”

पेटी आली. मॅडम म्हणाल्या, आधी मोजायचं. आणि नव्या यंत्राकडे जाता जाता थांबल्या. “काका, जुन्यावर लावा. त्याला दोघींची ओळख आहे.”

शाल निघाली. माझा दिवा लागायला जरा वेळ लागला, पण लागला. काकांनी तबक आत सारलं, आणि या खेपेला भाकरीसारखं नाही. शेजारीशेजारी दोन वाट्या होत्या. एकीत आईचा शेवटचा थेंब. दुसरीत लेक.

मित्रांनो, आयुष्यभर मी शून्य मिळालं की खूश झालो. त्या दिवशी पहिल्यांदा मला शून्य नको होतं. लिंबाच्या सालीएवढा, अगदी ओतून द्यायच्या पाण्याएवढा तरी पिवळा सापडावा, म्हणून मी उजेड पुन्हा पुन्हा त्या वाटीतून नेला. या काठाची, त्या पायरीची, आमची काहीतरी खूण राहिली असेल. उजेड सरळ पलीकडे गेला. दोघी मायलेकी सारख्याच कोऱ्या होत्या. रक्तानं आम्हाला सोडून दिलं होतं. मी दोन शून्यं छापली, कारण मी खोटं बोलत नाही असं त्याच एकदा म्हणाल्या होत्या.

“सुटली पोर डासांच्या तावडीतून,” काका म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले. मॅडमनी पट्टी वाचली. “उत्तम शून्य आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. पण संध्याकाळी त्या पुन्हा फोनशी बसलेल्या मला दिसल्या. कामाचं काही नव्हतं. जेवलात का, थंडी किती आहे, एकट्या असता का, असं विचारत होत्या.

म्हणून तुम्हाला माझं एक सांगणं आहे. तुमच्या घरातही कुणी शून्यबाई असेल. आई असेल, मोठी बहीण असेल, आत्या असेल. तिला काय होतंय, म्हणून तुम्ही तिला धरूनच चालत असाल. तिला अधूनमधून नव्यानं विचारा. ती संध्याकाळी कुठे बसते, कुठे बघत असते, ते जाऊन बघा. आणि माझ्यासारखं जुनं यंत्र कुठे दिसलं तर खाचेतली धूळ कापसानं काढा, दिवा कधीतरी लावून बघा, टेबलाखालची घडी नीट करा. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं. फक्त माझ्यावरची शाल तेवढी धुऊ नका. मला वास कळत नाही, पण काका म्हणतात, तिला अजून वरच्या गावातल्या धुराचा वास येतो.